‘आई, आपण कुत्रा पाळू या ना!’

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्या घरात अजून कोणी उच्चारले नसेल, तर तुम्ही भाग्यवान आहात. पण मुले पाचवी-सहावीत गेली की ते कधीतरी येतेच. कधी शेजारच्या घरी पिल्लू आलेले असते, कधी शाळेच्या वाटेवर एखादे कुईकुई करीत मागे लागलेले असते. आणि मग आपण पोळ्या लाटत असताना पदराला झोंबत ते वाक्य येते.

गेल्या महिन्यात नागपूरहून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढा तिचा संसार. मुलगी सहावीत. तिला वाढदिवसाला सायकल नको, घड्याळ नको, कुत्र्याचे पिल्लू हवे आहे.

‘‘वहिनी, तुमच्याकडे मोही आहे, तुम्हीच सांगा आता. तुमचे बरे आहे हो, अंगण आहे, मोकळी हवा आहे. आमच्याकडे जागाच कुठे आहे?’’

मी म्हटले, ‘‘अगं, जागेचे सोड. तुझ्याकडे वेळ आहे का, ते सांग.’’

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग आम्ही अर्धा तास बोललो. दूध उतू गेले, तरी माझे सांगणे संपले नव्हते. म्हणून उरलेले इथे लिहायला बसले आहे. तिच्यासारख्या आणखीही पुष्कळजणी असतील.

आमचे कुरखेडा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण, सती नदीच्या काठचे. नगरपंचायत आहे, बाजार आहे, कॉलेज आहे, आणि वस्ती संपली की जंगल आहे. याला शहर म्हटले तर नागपूरकर हसतील, खेडे म्हटले तर आम्ही रागावू. तेव्हा फ्लॅटमधल्या बाईला मी काय सांगणार, असे तुम्ही म्हणाल. पण सांगते काय, कुत्रा पाळण्यातला खरा भाग अंगणात नसतोच. तो घरात असतो, आणि घरात कोण असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

मोही आमच्याकडे आली चार वर्षांपूर्वी, मोहफुले वेचायच्या दिवसांत. तिचा रंगही वाळल्या मोहफुलासारखा, म्हणून मुलांनी नाव ठेवले मोही. धानाच्या गिरणीमागे एका कुत्रीने पाच पिल्ले घातली होती. मुलगा रोज शाळेतून येताना बघून यायचा. चार पिल्ले लोकांनी नेली, एक उरले. शेवटी हट्ट करून तो मला आणि धाकटीला घेऊन गेला. मी नुसते बघायलाच गेले होते, खरेच सांगते. गिरणीवरचा म्हातारा म्हणाला, ‘‘मादी आहे न बाई. कोन नेते तिले?’’

माझ्या शेजारी माझी मुलगी उभी होती. ते वाक्य मला असे लागले, की मी पिल्लू उचलले आणि पदरात घेऊन घरी आले. म्हणजे माझा होकार विचार करून दिलेला नव्हता, रागाच्या भरात दिलेला होता. तुम्ही तसे करू नका.

घरी आल्यावर ‘हे’ म्हणाले, ‘‘माझी काही हरकत नाही.’’ लग्नाला दहा-बारा वर्षे झालेल्या बाईला ‘माझी हरकत नाही’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्याचा अर्थ ‘तूच कर’ असा होतो. मुलांनी मात्र शपथा घेतल्या. मी खाऊ घालीन, मी फिरवीन, मी शी काढीन. ती हौस आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी पहाटे साडेपाचला पिल्लाने फरशीवर तळे केले, तेव्हा फडके घेऊन कोण उठले, ते वेगळे लिहीत नाही.

म्हणून नणंदेला पहिली गोष्ट सांगितली ती ही. कुत्रा साधारण बारा-चौदा वर्षे जगतो. तुझी मुलगी आज सहावीत आहे. ती कॉलेजात जाईल, शिकायला पुण्याला जाईल, नोकरीला लागेल, तेव्हा तो कुत्रा म्हातारा होऊन तुझ्या पायाशी बसलेला असेल. आणलेला मुलीने, पण सांभाळलेला तू. मग आजच ठरव, तुला तो हवा आहे का? मुलीला हवा आहे हे कारण पुरत नाही, आणि नवऱ्याची हरकत नाही हे तर मुळीच पुरत नाही. दिवाळीला माहेरी चार दिवस जायचे, तर त्याला कोण बघणार? सासूबाई येऊन राहिल्या आणि त्यांना चालले नाही, तर? पावसाळ्यात रात्री दहा वाजता त्याला खाली कोण नेणार? या प्रश्नांची उत्तरे घरातल्या सगळ्यांसमोर, कागदावर, नावानिशी लिहून घे. आमच्याकडे तो कागद फ्रिजवर लावलेला आहे. पाळला जातो निम्माच, पण भांडायला उपयोगी पडतो.

पहिल्या महिन्याचे फार लांबवत नाही. पिल्लू आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नये. लवकर तोडलेली पिल्ले भित्री आणि चावरी होतात. पहिल्या काही रात्री ते रडतेच. जुन्या पेटीकोटात गजराचे घड्याळ गुंडाळून त्याच्याजवळ ठेवले, तर टिकटिक ऐकत झोपते. शी-शूची सवय म्हणाल, तर झोपून उठले की, खाल्ले की आणि खेळून दमले की लगेच ठरलेल्या जागी न्यायचे, आणि तिथे केले की शाबासकी द्यायची. घाणीत नाक घासणे, पेपरच्या सुरळीने मारणे हे जुने प्रकार सोडून द्या. त्याने ते फक्त लपून करायला शिकते, मग पलंगाखाली सापडते.

आता जे सांगणार आहे, ते सांगायला अजूनही जड जाते. पण ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी पाच-सहा मुले घरी शिकवणीला येतात. मोही अडीच महिन्यांची होती. लस द्यायची आहे हे मला माहीत होते, पण आज परीक्षा, उद्या पाहुणे, परवा गुरांच्या डॉक्टरांचा दौरा, असे करता करता राहून गेले होते. दुसऱ्या कोणाचीही चूक नाही, माझीच. एका संध्याकाळी चौथीतली एक मुलगी तिच्याशी खेळत होती. पिल्लांचे दुधाचे दात सुईसारखे असतात. मोहीने लाडात तिचे बोट धरले, मुलीने हात ओढला, आणि बोटावर रक्ताचा एक ठिपका आला. एवढासा, मोहरीएवढा.

मुलगी रडलीसुद्धा नाही. ‘‘बाई, काही नाही झालं,’’ म्हणाली. आणि मी काय केले? पहिल्यांदा हळदीचा डबा काढला. दुसरे माझ्या मनात आले ते असे, की एवढेसे तर आहे, पिल्लू आपले घरचे आहे, कशाला गवगवा करायचा? मैत्रिणींनो, तो विचार माझ्या मनात आला, हे मी लपवणार नाही. मी बी.ए. झालेली बाई, मुलांना शिकवणारी, आणि मला स्वतःची लाज झाकायची होती.

मग त्या मुलीने बोट तोंडात घातले, आणि मला एकदम भान आले.

नळाला पाणी नव्हते. रांजणातून तांब्याने पाणी ओतत, साबण लावत, मी ते बोट भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पंधरा मिनिटे धुतले. पंधरा मिनिटे किती लांब असतात, ते त्या दिवशी कळले. पाचव्या मिनिटाला वाटते, झाले आता. पण नाही. पिसाळण्याच्या रोगाचे विषाणू लाळेतून जखमेत जातात आणि तिथून नसांच्या वाटेने मेंदूकडे चढतात. साबणाने आणि वाहत्या पाण्याने त्यातले पुष्कळसे तिथेच मरतात, वाहून जातात. हळद, चुना, तिखट, तेल, बिबा यांतले काही लावायचे नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. धुऊन झाल्यावर आयोडीनचे औषध लावायचे आणि थेट दवाखाना गाठायचा. मांत्रिकाकडे जाऊन उतारा काढणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की आधी इंजेक्शन घ्या. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस वाचत नाही म्हणतात, ते जवळजवळ शब्दशः खरे आहे. आणि त्याआधी वेळेवर लस घेतली, तर तो टळतो, हेही तितकेच खरे आहे.

मुलीला घेऊन आधी तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे होती. मी सगळे सांगितले, लस दिलेली नव्हती हेही सांगितले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘बाई, कुत्रा तुमचा. पन पोरगी माही आहे न.’’

याला काय उत्तर आहे?

आम्ही दोघी मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. आपल्या पिढीच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे, त्यामुळे पुष्कळजणी दवाखान्याचे नावच काढत नाहीत. ती जुनी लस आपल्या देशात २००५ सालापासून बंद झाली आहे. आता दंडावर घेतात, त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी स्नायूत देतात, तेव्हा चौदाव्या दिवसाचे एक वाढते. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. रक्त आले असेल, तर पहिल्या दिवशी जखमेभोवती सीरमही द्यावे लागते. ते दुखते. त्या सुईला मात्र मुलगी ओरडली, आणि तिने हात धरला होता तो माझा नव्हे, आईचा.

चारही वेळा मी त्यांच्याबरोबर गेले. मोहीला दहा दिवस घरात बांधून लक्ष ठेवले, कारण चावलेला कुत्रा पिसाळलेला असेल, तर साधारण तेवढ्या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. ती धडधाकट राहिली. मुलगीही उत्तम आहे, आता आठवीत आहे. पण तिची आई आजही आमच्या फाटकाच्या आत येत नाही. रस्त्यावरूनच हाक मारते. मी तिला दोष देत नाही.

जगात माणसांना होणाऱ्या या रोगापैकी नव्याण्णव टक्के कुत्र्यांमुळे होतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांत दर दहांपैकी चार पंधरा वर्षांच्या आतली मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुले सांगत नाहीत हो. आई रागावेल, बाई रागावतील, कुत्र्याला घरातून काढतील, या भीतीने गप्प बसतात. आपल्या मुलांना बजावून ठेवा, की ओरखडा आला तरी आधी सांगायचे, कोणी रागावणार नाही. आणि खरोखरच रागावू नका. आपल्या शेजारच्या गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले. २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालेले देशातले पहिले राज्य ठरले. त्याआधीची सलग तीन वर्षे तिथे माणसाचा एकही बळी गेला नव्हता. म्हणजे हे होण्यासारखे आहे.

तेव्हा पिल्लू घरात आणाल, त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या. जंताचे औषध पिल्लाला दर पंधरवड्याने आणि मोठे झाल्यावर दर तीन महिन्यांनी द्यायचे. सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात. पार्व्होत रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे दर वर्षी. मी मोहीचे कार्ड मुलांच्या लसींच्या कार्डांबरोबरच एका पिशवीत ठेवते.

डिस्टेंपरची लस आम्हा जंगलाकाठच्या लोकांनी तर चुकवूच नये. आपल्या कुत्र्याचा रोग रानातल्या जनावरांना लागू शकतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या कित्येकांच्या अंगात याच रोगाचे विषाणू सापडले. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वाघ आहेत, रानकुत्री आहेत. एका लसीने तेही वाचतात.

रानाचा विषय निघालाच आहे, तर बिबट्याचे सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एकांचा कुत्रा रात्री ओसरीत साखळीला बांधलेला असे, राखणीला म्हणून. एका सकाळी साखळी होती, पट्टा होता, कुत्रा नव्हता. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही. बिबट्याच्या दृष्टीने ते वाढून ठेवलेले ताट. आणि ते ताट ओसरीत असेल, तर तो ओसरीपर्यंत येतो, जिथे पहाटे आपण सडा घालायला वाकतो, जिथे मुले झोपलेली असतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, उसाच्या शेतात राहणाऱ्या बिबट्यांचे खाणे तपासले. वजनाने पाहिले तर त्यात जवळजवळ चाळीस टक्के वाटा कुत्र्यांचा होता. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणाऱ्यांनाही हे नवीन नाही. २०२२ साली चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा आम्ही सगळेच हादरलो होतो. त्यानंतर मोही रात्री घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी पोत्यावर झोपते. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडले. आता थंडीत तिच्यावर त्याच गोधडीचा तुकडा टाकतात. उष्टे-खरकटे आणि कोंबडीची हाडे घरामागे टाकायची नाहीत, हा त्याच्याच पुढचा नियम. त्यावर गावची कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागून तो येतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

आता नणंदेच्या तिसऱ्या मजल्याकडे येऊ.

तिच्या इमारतीत कोणीतरी म्हणाले, की सोसायटीचा ठराव आहे, कुत्रा चालणार नाही. तसा ठराव बहुमतानेही करता येत नाही, असे पशुकल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून सांगितले आहे. लिफ्ट वापरायची बंदीही नाही, आणि त्याचे जादा पैसेही मागता येत नाहीत. पण मी तिला म्हटले, कायदा हातात घेऊन शेजाऱ्यांशी बोलायला जाऊ नकोस. आधी जाऊन सांग, की पिल्लू येणार आहे, रात्री दोन-चार दिवस रडेल, सांभाळून घ्या. लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल, तर आपण जिन्याने जावे. रस्त्यावर त्याने केलेली घाण आपण उचलावी. जुने वर्तमानपत्र आणि एक पिशवी, एवढेच लागते. लाज वाटायची ती उचलण्याची नव्हे, तशीच टाकून येण्याची. मोठ्या शहरांत महानगरपालिकेचा परवानाही काढावा लागतो. त्यासाठी लसीचा दाखला लागतो.

फ्लॅटमधल्या कुत्र्याचे दुःख जागा कमी हे नसते. दिवसभर काही काम नसते, हे असते. जो कुत्रा सोफा फाडतो, सतत भुंकतो, तो बहुधा कंटाळलेला असतो. एकट्याच बाईने सात-आठ तास बंद खोलीत बसावे, तर तीही काहीतरी फाडेलच की! कुत्र्याचे सगळे जग नाकात. मुंबई पोलिसांचा झंजीर नावाचा लॅब्रेडॉर आठवतो ना? १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढले. ते नाक आपण चार भिंतींत कोंडून ठेवतो. तेव्हा फिरवणे म्हणजे नुसते ‘करून आणणे’ नव्हे. त्याला खांब हुंगू द्या, गवत हुंगू द्या. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, पट्टा हातात धरून. घरातही पोळीचा तुकडा जुन्या टॉवेलात गुंडाळून शोधायला दिला, की अर्धा तास आपण निवांत भाजी चिरावी.

कोणता कुत्रा आणायचा, हे विचारलेत, तर मी गावठीच म्हणेन. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि लोक तिथे बर्फाच्या मुलखातली हस्की आणतात, बसक्या नाकाची पग आणतात! कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, पंजांना येईल तेवढाच. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा कुठे गार होतो. बसक्या नाकाच्याला तेही धड जमत नाही. आमची मोहीसुद्धा मे महिन्यात मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट लावून पडून असते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि दिवे लागल्यावरच बाहेर न्यावे. आधी आपला पालथा हात रस्त्यावर ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसतोच.

खाण्याचे थोडक्यात. आमची झाडीपट्टी भात खाणारी, त्यामुळे मोहीही भातच खाते. पण नुसता भात किंवा नुसती भाकर पुरत नाही. रोज एक उकडलेले अंडे किंवा बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, थोडी शिजलेली डाळ, भोपळा घालावा. जमले तर दही, दूध पुष्कळांना सोसत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे ही कुत्र्याला विषासारखी. आपल्या फोडणीच्या भातात कांदा असतोच, म्हणून उरलेसुरले वाढायची सवय मोडावी लागते. शिजवलेली कोंबडीची हाडे फुटून सुरीसारखी होतात, ती देऊ नयेत. पावसाळ्यात गोचिडी रोज बघायच्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत. त्यांच्यामुळे ताप येऊन कुत्रे जातात. रॉकेल, फिनेल असले काही अंगाला चोळू नका, डॉक्टरांकडून औषध घ्या.

मादी असेल तर

मादी नको, ही आपल्याकडे ठरलेली गोष्ट. सहा-सहा महिन्यांनी माजावर येते, दारात कुत्री जमतात, मग त्रेसष्ट दिवसांनी पिल्ले, आणि ती कोणाला द्यायची! हे सगळे खरे आहे, पण त्याला उपाय आहे. मोहीची शस्त्रक्रिया नागपूरला नेऊन करून आणली. विदर्भातल्या मैत्रिणींना माहीत असावे, की नागपूरला सेमिनरी हिल्सच्या भागात १९५८ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा स्वतःचा दवाखाना आहे. दहा दिवस टाके चाटू नयेत म्हणून ह्यांचा जुना बनियन तिला उलटा घातला होता. शेपटीसाठी भोक मी कापले, आणि बनियन गेला म्हणून हे दोन दिवस कुरकुरले. पोरे काढणाऱ्या कुत्रीला रस्त्यावर सोडायचे आणि तिच्या पिल्लांना नाल्याशी टाकायचे, यापेक्षा ते दहा दिवस कितीतरी बरे.

सोडून देण्यावरून आणखी एक सांगते. आमच्याकडे बाहेरगावचे नोकरदार बदलीवर येतात. करमत नाही म्हणून कुत्रा आणतात, चांगला जातीचा, आणि तीन वर्षांनी बदली झाली, की सामानाच्या ट्रकबरोबर तो जात नाही. मागच्या पावसाळ्यात बसस्थानकावर असा एक अल्सेशियन दिसायचा. गळ्यात पट्टा, अंगावर खरूज. प्रत्येक बस आली, की उठून दाराशी जायचा, उतरणारे सगळे पाय हुंगायचा, आणि परत येऊन बाकड्याखाली बसायचा. मी एकदा बिस्किट टाकले. त्याने हुंगले, पण खाल्ले नाही, कारण तेवढ्यात वडसा गाडी आली होती. शाळा सुटल्यावर आमच्या शाळेतली मुले त्याला भाकर नेऊन द्यायची. पुढे तो दिसेनासा झाला.

२०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवायला सांगितले, पुन्हा तिथेच सोडायची नाहीत म्हणून. त्यावर पुष्कळ वाद झाला. कुत्र्यांवरून माणसांनी भांडणे आपल्याकडे जुनेच आहे. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तर पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. शाळेत शिकवणारी म्हणून मला आवारात कुत्र्यांची टोळी नको वाटते, आणि बाकड्याखालचा तो अल्सेशियनही डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही एकाच वेळी. पण तो काही रस्त्यावर जन्मलेला नव्हता. त्याला कोणीतरी वाढदिवसाला आणला असेल.

हे सारे नणंदेला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही नको म्हणताय तर.’’ मी म्हटले, नाही गं, मी नको म्हणत नाही. दुपारी घर रिकामे असते, तेव्हा मोही माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडते. मी वह्या तपासते, ती उसासे सोडते. घरात माझ्याकडे काही न मागता माझ्या जवळ बसणारी ती एकटीच आहे. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही, तुम्हाला सांगितले.

परवा तिचा पुन्हा फोन आला. कागद लिहून झाला आहे. सकाळचे फिरवणे जावईबापूंकडे, संध्याकाळचे मुलीकडे, दवाखाना तिच्याकडे. वाढदिवसाला आणायचे रद्द केले आहे. वार्षिक परीक्षा संपल्यावर, सुट्टीत आणायचे, म्हणजे पहिला महिना घरी कोणीतरी असेल. तोवर मुलीने रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास फिरून यायचे, कुत्र्याशिवाय. आठ दिवस झाले, अजून उठते आहे म्हणे.

‘‘आणि वहिनी, आमच्या जिन्याखाली एक कुत्री व्यायला आली आहे. तिच्यातले एखादे ठेवून घेऊ का? पण समजा मादीच निघाली तर?’’

मी मोहीचा लहानपणचा पट्टा शोधून, धुऊन वाळत घातला आहे.